अनघाबाईंचा कॉस्टिंगचा पेपर

माझ्या टेबलासमोर एकच खुर्ची असते. पूर्वी तीन होत्या. दोन मी स्वतः उचलून पाण्याच्या कूलरपाशी नेऊन ठेवल्या. कारण अकाउंटिंगचा पदव्युत्तर कोर्स निवडायला बडोद्यात कुणी एकटं येत नाही. बायको आली तर नवरा येतो, नवरा आला तर त्याचा मेव्हणा येतो, आणि सून आली तर अख्खं घर. ज्याला शिकायचं आहे तो गप्प बसतो आणि ज्याला शिकायचं नाही तो फी, वेळ आणि वयाची अट विचारत राहतो. एक खुर्ची ठेवल्यापासून निदान कुणी बसायचं हे तरी ठरतं.

सुभानपुऱ्यातल्या एका खासगी संस्थेच्या संध्याकाळच्या कॉमर्स विभागात मी प्रवेशाचं काम बघते. कार्डावर ‘प्रवेश समुपदेशक’ असं छापलंय. ते वाचून एक गृहस्थ समोर बसले आणि त्यांनी मला बायकोशी का पटत नाही ते सविस्तर सांगितलं. मी म्हटलं, “काका, इथे कोर्स मिळतात.” ते म्हणाले, “हो का? मग जीएसटीचा कुठला आहे?” आणि त्यांनी खरोखर प्रवेश घेतला. मी स्वतः फक्त बी.कॉम. आहे. पदव्युत्तर कोर्स कुठला घ्यावा हे इतरांना सांगत आले, स्वतः एकही केला नाही. लोक हे विचारत नाहीत, मी सांगत नाही.

नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले आमच्याकडे कमी. येतात ते अर्ध्या वाटेवर गाडी बदलायला निघालेले. कंपनी बंद पडली, गुडघे गेले, मूल झालं, किंवा नुसताच कंटाळा आला. एक दंतवैद्य आले होते. म्हणाले, “मॅडम, वीस वर्षं लोकांच्या तोंडात बघतोय. आता कागदात बघायचंय.” ते दर वर्षी फॉर्म नेतात, भरून आणत नाहीत. आता ते आले की मी फॉर्म आधीच काढून ठेवते.

ज्यांना या गोष्टी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. एम.कॉम. म्हणजे पदवी. दोन वर्षं, अभ्यास खोल, प्राध्यापक व्हायचं असेल तर उत्तम. पण बी.ए. किंवा बी.एस्सी. झालेल्याला आमच्याकडे ते दार सरळ उघडत नाही. एम.बी.ए. फायनान्स म्हणजे शनिवार-रविवारचे वर्ग, फी भरपूर आणि टाय. सी.ए. हा कोर्स नाही, ते व्रत आहे. ते घेणाऱ्याने घरच्यांना आधी विचारावं. आणि मग आमचा अकाउंटिंग आणि टॅक्सेशनचा पदव्युत्तर डिप्लोमा. एक वर्ष, संध्याकाळी, कुठल्याही पदवीधराला खुला. नाव साधं, काम पक्कं. आमचे संचालक परेशभाई म्हणतात, “बेन, सगळ्यांना एम.बी.ए.मध्ये घाला ने.” मी हो म्हणते आणि माझं करते.

चूक कुठे होते ते मला अनुभवाने कळलं. रिफायनरीतले एक जळगावकडचे ऑपरेटर आले होते. मी वीकेंड बॅच सुचवली, नोकरी करणाऱ्यांसाठीच ती काढली आहे म्हणून. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, आमचा रविवार दर आठवड्याला दुसऱ्या वारी येतो.” शिफ्टच्या माणसाची सुट्टी फिरती असते. नोकरदारांसाठी काढलेली बॅच सगळ्यात जास्त नोकरी करणाऱ्यालाच उपयोगाची नव्हती. तेव्हापासून मी आधी कोर्स सांगत नाही. आधी विचारते, दिवसातला कुठला तास तुमचा स्वतःचा आहे? याचं उत्तर देताना पुष्कळ बायका छताकडे बघतात.

दुसरं म्हणजे, प्रवेशाआधी आठवडाभर मी त्यांना एखाद्या टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात बसवते. आमच्या डेमो लेक्चरवर कुणी जाऊ नये. ते आम्ही सगळ्यात चांगल्या सरांकडून घेतो. खरं काम महिन्याच्या विसाव्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात दिसतं. तेव्हा जीएसटीचं रिटर्न भरायचं असतं, सगळे ओरडत असतात, आणि कुणाचीच बिलं आलेली नसतात. तिथे बसून ज्याचं डोकं दुखतं त्याने घरी जावं. ज्याला गंमत वाटते त्याने यावं.

अनघाबाई अशाच एका मे महिन्यात आल्या. सोबत नवरा, दीर आणि सासरे. एम.ए., बी.एड., वय चाळिशीच्या आसपास, पाणीगेटजवळच्या एका मराठी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायच्या. शाळेत मुलंच येईनाशी झाली होती. मराठी घरातली मुलंसुद्धा इंग्रजी शाळेत जातात, माझीही गेली, त्यामुळे मी त्यावर भाष्य करत नाही. ट्रस्टने ठरवलं होतं की आत्ता नववीतून दहावीत गेलेला वर्ग शेवटचा. तो मार्चात परीक्षेला बसला की माध्यमिक विभाग बंद. अनघाबाई सरकारी अनुदानाच्या नव्हे, ट्रस्टच्या पगारावर होत्या, म्हणजे त्यांना दुसरीकडे कुणी सामावून घेणार नव्हतं. नवरा वाघोडियाच्या एका कारखान्यात कंत्राटावर. घर दोघांच्या पगारावर चाललेलं. हातात एक वर्ष होतं आणि त्या एका वर्षात बसेल असा एकच कोर्स त्यांना निवडता येणार होता. तो चुकला असता तर दुसरा करायला ना वेळ होता ना ऐपत.

खुर्चीवर सासरे बसले.

“एम.कॉम.,” ते म्हणाले. “आमच्या पणजोबांनी संस्थानाच्या खजिन्याचं दफ्तर सांभाळलंय. हिशेब आमच्या रक्तात आहे.”

“अप्पा, रक्त तुमचं,” मी म्हटलं. “शिकायचं यांना आहे. त्या बी.ए.-एम.ए. आहेत. एम.कॉम.साठी आधी कॉमर्सची पदवी करावी लागेल. म्हणजे सगळं मिळून चार-पाच वर्षं.”

“मग सी.ए.,” दीर मागून म्हणाला. “हल्ली पन्नाशीला पण करतात.”

“तू करतोस का?” अनघाबाई म्हणाल्या. त्यांचं ते पहिलं वाक्य. दीर कूलरकडे गेला.

मी डिप्लोमाचं सांगितलं. अप्पांचा चेहरा असा झाला की मी जणू त्यांच्या सुनेला शिवणक्लास सुचवला होता. “डिप्लोमा? आमच्या घरात सगळे पदवीधर आहेत हो.”

ही आपल्या लोकांची खास अडचण. गुजराती घर येतं ते विचारतं, यातून काम कुठलं मिळेल? मराठी घर विचारतं, याला पदवी म्हणतात ना? दहा वेळा हेच ऐकलं की अकराव्या वेळी राग येत नाही. मी म्हटलं, “अप्पा, नावात ‘पदव्युत्तर’ आहे. पदवीच्या वरचं.” त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. “पदव्युत्तर,” ते म्हणाले. “मग ठीक.” पुढे त्यांनी सगळ्या नातेवाइकांना तेवढाच शब्द सांगितला, डिप्लोमा हा नाही.

मग मी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि अनघाबाईंना खुर्चीवर बसवलं. त्यांनी विचारलं, “मॅडम, तुमची बहीण माझ्या जागी असती तर तिला काय सांगितलं असतं?”

हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं. “माझी बहीण माझं ऐकत नाही,” मी म्हटलं. “तुम्ही एक आठवडा हर्षदभाईंकडे बसा. मग बोलू.”

हर्षदभाईंचं टॅक्सचं ऑफिस वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत आहे. छोटे कारखानदार त्यांचे गिऱ्हाईक. माणूस चांगला, आवाज मोठा. शाळेला सुट्टी होती म्हणून अनघाबाई सकाळी नवऱ्याच्या स्कूटरवरून जायच्या आणि संध्याकाळी त्याच्याबरोबरच परत यायच्या. सहाव्या दिवशी हर्षदभाईंचा फोन आला.

“अलकाबेन, कोने मोकल्यां छे तमे? कोणाला पाठवलंत?”

“का, काय झालं?”

“कॉम्प्युटरवर अगदी स्लो. एंट्री करायला एवढा वेळ लावतात की मला झोप येते. पण बेन, सगळ्या पार्टीची बिलं आली! विसाव्या तारखेच्या आधी! असं आजवर झालं नाही.”

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. अनघाबाईंनी पहिले दोन दिवस फक्त ऐकलं. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांची यादी मागून घेतली आणि एकेकाला फोन लावला. शाळेत वही न आणणाऱ्या मुलाशी बोलतात तसं. रागावून नाही. “काल म्हणालात आज देतो. आज काय झालं?” एवढंच विचारायचं आणि गप्प राहायचं. पलीकडचा माणूस ते गप्प राहणं सहन करू शकत नाही. एका प्लास्टिकच्या कारखान्याच्या मालकाचा मुलगा रोज टोलवत होता. त्याला त्या म्हणाल्या, “उद्या वडिलांना घेऊन ऑफिसात या.” तो तिशीतला बाप्या, दुसऱ्या दिवशी खरोखर वडिलांना घेऊन आला. बिलंही आणली.

“कोर्स करीने शुं करशे? कोर्स करून काय करणार?” हर्षदभाई म्हणाले. “कालथी आवी जाय. उद्यापासून या म्हणावं. शाळेपेक्षा जास्त पगार देतो.”

इथे खरा पेच पडला. अनघाबाई मला भेटायला आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा झालेला होता. बंद पडणाऱ्या शाळेतून बाहेर पडायची वाट समोर होती, तीही फी न भरता. मी काही बोलले नसते तर गोष्ट तिथेच संपली असती. हर्षदभाई माझे जुने ओळखीचे, आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांना त्यांनी काम दिलंय. त्यांना नाराज करायची मला हौस नव्हती.

पण अनघाबाईंनी विचारलं. “मग नकोच ना कोर्स?”

“तिथे तुम्ही काय केलंत?” मी म्हटलं. “बिलं मागवलीत. कुठलं बिल मागायचं हे कुणी सांगितलं?”

“हर्षदभाईंनी. यादी त्यांचीच होती.”

“उद्या गेलात तर पुढची वीस वर्षं यादी त्यांचीच असेल. तुम्ही फोन करणाऱ्या बाई. चांगल्या बाई, सगळे घाबरतील. पण हर्षदभाईंनी दुकान बंद केलं की तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे एकदा झालंय ना तुमच्या बाबतीत?”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांची ती गप्प राहायची पद्धत मला ठाऊक होती, तरी मलाच काहीतरी बोलावंसं वाटू लागलं. मग त्या म्हणाल्या, “आणि माझी दहावी आहे. मी उद्या गेले तर त्यांना मराठी कोण शिकवणार? बाकीचे दोघे शिक्षक आधीच दुसऱ्या शाळांत गेलेत.”

“ते मी मोजलं नव्हतं,” मी म्हटलं.

“मी मोजलंय.”

त्यांनी माझ्यासमोरच हर्षदभाईंना फोन लावला. मार्चपर्यंत शाळा. संध्याकाळी डिप्लोमा. एप्रिलपासून तुमच्याकडे. पगार आत्ता सांगितलात तोच. पलीकडे हर्षदभाई बरंच बोलले असावेत. अनघाबाई ऐकत राहिल्या आणि मग गप्प राहिल्या. शेवटी पलीकडून “सारुं, सारुं, ठीक आहे” एवढं मलाही ऐकू आलं.

वर्ष सोपं गेलं नाही. सकाळी शाळा, संध्याकाळी आमच्या बाकावर त्यांच्या अर्ध्या वयाच्या मुलांबरोबर. जीएसटी आणि इन्कम टॅक्स त्यांना आवडले. नियम, अपवाद, अपवादाला अपवाद. मराठी व्याकरण शिकवणाऱ्या बाईला त्यात काही नवं नव्हतं. कॉस्टिंग मात्र काही केल्या शिरेना. कॉस्टिंग म्हणजे एक वस्तू बनवायला नेमका किती खर्च आला ते काढणं. त्यात वीज, भाडं, वॉचमनचा पगार सगळं वाटून लावायचं. “वॉचमनचा पगार स्क्रूवर कसा लावायचा?” असं त्यांनी सरांना वर्गात विचारलं होतं. सर म्हणाले, “बेन, धारी लो. मानून चला.” त्यांना मानून चालणं जमत नसे. तरी दर शनिवारी थांबून त्या त्याच सरांकडून तेच गणित पुन्हा सोडवून घेत.

मार्चातलं वेळापत्रक आलं आणि मी कपाळाला हात लावला. आमचा कॉस्टिंगचा पेपर आणि दहावी बोर्डाचा मराठीचा पहिला पेपर एकाच दिवशी. बोर्डाचा दहाला सुरू, आमचा अकराला. आमचं वेळापत्रक आम्ही ठरवत नाही, ते वरून येतं.

“मुलांना केंद्रात सोडते आणि येते,” त्या म्हणाल्या.

“सोडायला पालक आहेत.”

“पालक आहेत. पण पहिल्या दिवशी शाळेचं कुणीतरी फाटकात उभं असतं, मॅडम. कुंकू लावायला, तोंड गोड करायला. सगळ्या शाळांचं असतं. आमच्या शाळेचं कुणी उरलेलंच नाही, मी सोडून.”

मला हे पटलं नाही. आजही पटत नाही. परीक्षेच्या दिवशी माणसाने आपली परीक्षा बघावी. मी ते त्यांना सांगितलं, तेवढ्याच शब्दांत. त्या म्हणाल्या, “तुमचं बरोबर आहे,” आणि त्यांनी जे करायचं तेच केलं.

परीक्षेच्या दिवशी दारावर माझी ड्यूटी होती. पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला की कुणालाही आत सोडायचं नाही, हा नियम. अनघाबाई नाही आल्या. काचेतून त्यांचा रिकामा बाक दिसत होता. अर्धा तास उलटला, मी दार बंद केलं, हजेरीच्या कागदावर गैरहजर लिहिलं, आणि थोड्या वेळाने जिन्यावर चपलांचा आवाज आला.

एका मुलीचं हॉल तिकीट घरी राहिलं होतं. ते घरून येईपर्यंत त्या फाटकात थांबल्या. मुलगी पेपरला बसली. मग रिक्षा मांडवीपाशी अडकली.

त्यांच्या हाताला कुंकू लागलेलं होतं. त्या धापा टाकत होत्या. मी दारात उभी होते आणि बाजूला झाले नाही.

“किती उशीर?” त्यांनी विचारलं.

“झाला,” मी म्हटलं.

त्यांनी वाद घातला नाही. बाकी कुणी असतं तर घातला असता, आणि कदाचित मी परेशभाईंना फोनही केला असता. पण या बाईंनी स्वतः आयुष्यभर परीक्षेच्या दारावर उभं राहून हेच केलेलं होतं. त्यांनी एकदा काचेतून आत बघितलं. मग म्हणाल्या, “पुढची परीक्षा केव्हा?”

“ऑक्टोबर.”

“आणि सर्टिफिकेट?”

“तोवर नाही.”

“मुलं सगळी बसली पेपरला,” त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. त्या दिवशी मी घरी नवऱ्याशी नीट बोलले नाही. त्याचा काही संबंध नव्हता.

बाकीचे विषय त्या पास झाल्या. एप्रिलात हर्षदभाईंनी शब्द पाळला, पगारही पाळला. पण ऑक्टोबर आला तशी त्यांची कुरकुर सुरू झाली. ऑडिटचे रिपोर्ट, रिटर्नं, तोंडावर दिवाळी. “अलकाबेन, एक पेपरसाठी आता काय सुट्टी? मार्चमां आपशे. मार्चात देतील.” मी म्हटलं, “मार्चात तुम्ही म्हणाल ऑक्टोबरात देतील.” ते हसले, पण हो म्हणाले नाहीत. खरं सांगायचं तर मला धास्ती होती ती अनघाबाईंचीच. पगार चालू झाला, घर सावरलं, कामाला लागले की लोक राहिलेला पेपर राहू देतात. असे अर्धवट डिप्लोमा आमच्या कपाटात पुष्कळ आहेत. एकेका फाइलवरचं नाव वाचलं की चेहरा आठवतो. ती माणसं हुशार होती. आज ती कुठे ना कुठे फोन करणारी माणसं आहेत.

परीक्षेच्या सकाळी मी पुन्हा दारावर होते. साडेदहाच्या आतच त्या जिना चढून आल्या. “सुट्टी दिली?” मी विचारलं. “मागितली नाही. कळवलं,” त्या म्हणाल्या. फोन बंद न करताच पिशवीत टाकून पिशवी बाहेरच्या टेबलावर ठेवली आणि आत गेल्या.

ती पिशवी अख्खा वेळ माझ्यासमोर गुरगुरत होती. मी लक्ष दिलं नाही. पेपर संपला, मुलं बाहेर पडली, अनघाबाई सगळ्यांच्या शेवटी आल्या.

“कसा गेला?”

“वॉचमनचा पगार लावला स्क्रूवर,” त्या म्हणाल्या. “मानून चालले एकदाची.”

पास झाल्या, अगदी काठावर. पण ते कळायला अजून महिना होता. तेवढ्यात पिशवी पुन्हा गुरगुरली आणि त्यांनी फोन घेतला. वाघोडियाचे कोणी शेठ होते. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. हॉटेलातल्या पार्टीचं बिल कालपासून सापडत नाही, हर्षदभाईंच्या ऑफिसातला नवा माणूस बिलासाठी मागे लागलाय, सगळी कपाटं उलथली, रिटर्न अडकलंय, बेन, आता काय करू.

“शेठ, ते बिल शोधू नका,” अनघाबाई म्हणाल्या. “जेवणावळीच्या बिलावर भरलेला कर आपल्याला वजा मिळतच नाही. त्याच्यावाचून रिटर्न अडत नाही. बाकीची आज पाठवा.”

पलीकडे शेठ काही बोलले. बहुधा हर्षदभाईंना विचारलंय का, असं.

अनघाबाईंनी पिशवी खांद्याला लावली. “कुणाला विचारायचं नाही,” त्या म्हणाल्या. “हुं कहुं छुं. मी सांगतेय.”